उंच मुलींनी उभं कुठे राहायचं

आमच्या सोसायटीत गणपतीच्या कार्यक्रमाची तालीम पार्किंगमध्ये होते. दोन स्कूटर ढकलून भिंतीला लावायच्या, खांबाच्या कोपऱ्यात ब्लूटूथ स्पीकर ठेवायचा आणि लादीवरचे तेलाचे डाग चुकवत नाचायचं. परवा भाजी घेऊन येताना सहज थांबले. नाच बसवणारी ताई एका आठवी-नववीतल्या मुलीला म्हणत होती, "तू मागे जा गं. उंच आहेस ना, सगळ्यांना झाकतेस." आवाजात राग नव्हता, घाई होती. मुलगीही निमूट मागे गेली आणि तिथे तिने तेच सगळं केलं जे पुढच्या करत होत्या, फक्त जास्त बरं. तिचा हात वर गेला की तो शेवटच्या बोटापर्यंत जात होता. पुढच्या दोघींचे हात कोपरातच थकत होते. त्या मुलीला काही वाटलं असेल असं दिसलं नाही. मला मात्र पिशवीतली मेथी निवडेपर्यंत ते टोचत राहिलं.

टोचायचं कारण जुनं आहे. मुलींच्या शाळेत शिकलेल्या कुणाही उंच बाईला विचारा, स्नेहसंमेलनात तिने काय केलं. कोळीनृत्यात ती कोळीण कधीच नसते, ती कोळी असते. कमरेला रुमाल, डोक्याला लाल टोपी, आणि ग्रीनरूममध्ये बाईंनी काजळाच्या कांडीने काढलेली मिशी, जी दुसऱ्या कडव्यापर्यंत घामाने गालावर उतरते. मी ती मिशी बरीच वर्षं लावली. समोर अबोलीचा गजरा घातलेली, हिरव्या लुगड्यातली बुटकी मैत्रीण लाजायची आणि मी वल्हं मारायचे. खरं सांगायचं तर मजा यायची. वल्हं मारताना पाय फाकवून ऐसपैस उभं राहता यायचं, उड्या मोठ्या मारता यायच्या, लाजावं लागायचं नाही. तरी कार्यक्रम संपल्यावर आई गर्दीतून वाट काढत यायची आणि शेजारच्या बाईंना सांगायची, "ती मिशीवाली माझी." तेव्हा पोटात कसंसंच व्हायचं, आणि ते काय होतं हे मला अजूनही नीट सांगता येत नाही.

तर त्या रात्री मी ज्युलिएट प्राउस या हॉलिवूडमधल्या उंच नर्तकीचे नाच बघत बसले.

हे नाव आपल्याकडे आता फार कुणाला आठवत नाही. आठवतं ते 'मुंबईत जन्मलेल्या जगप्रसिद्ध व्यक्ती' छापाच्या याद्यांमुळे. त्यांत किपलिंग असतो, मर्ल ओबेरॉन असते आणि कुठेतरी खाली ही असते : जन्म मुंबई, २५ सप्टेंबर १९३६. आपल्याला अशा ओळींचा फार अभिमान. वास्तविक मुंबईने तिला दिलं काय? वडील ती लहान असतानाच गेले आणि आई तिला घेऊन दक्षिण आफ्रिकेत गेली. जोहान्सबर्गमध्ये चौथ्या वर्षी ती बॅलेच्या वर्गात उभी होती. म्हणजे आपल्या शहरात ती जेमतेम चालायला शिकली असेल. पण नर्तकीच्या बाबतीत तेही काही कमी नाही असं म्हणून मी स्वतःची समजूत घालते. साधारण त्याच काळात हेलन नावाची एक पोर रंगूनहून युद्धातून वाट काढत हिंदुस्थानात आली आणि पुढे मुंबईची झाली. एक पोर इथून गेली, एक इथे आली, आणि दोघींनी पुढे आयुष्यभर नायिका नसलेल्या नाचणाऱ्या बाईचं काम केलं. या योगायोगाला काही अर्थ नाही. पण एकदा डोक्यात आला की तो निघत नाही.

ज्युलिएटची पहिली अडचण उंची हीच होती. साडेपाच फुटांच्या वर गेलेली मुलगी शास्त्रीय बॅलेत नकोशी होते, आणि त्यामागे कुणाचा दुष्टपणा नसतो, हिशेब असतो. नर्तकी पायाच्या बोटांवर चढली की आणखी चार-सहा इंच वर जाते. मग तिला धरणारा, फिरवणारा, उचलणारा पुरुष सहा फुटांचा हवा, आणि असे पुरुष बॅलेत मोजके असतात. समूहात उभं करावं तर रांगेची रेघ मोडते. हंसांच्या कळपात एका हंसाचं डोकं वर दिसून चालत नाही. लंडनमध्ये या उंचीपायी तिचं बॅलेचं स्वप्न संपलं, पण नाचणं थांबलं नाही. ती तिथल्या पॅलेडियम थिएटरात नाचली, युरोपात क्लबांमध्ये नाचली. जिथे कुणी उचलून धरायचं नसतं, जिथे लांब पाय हा दोष नसून भांडवल असतं, अशा ठिकाणी ती सरकत गेली. हॉलिवूडचं बोलावणं आलं ते तिथेच. ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सचा 'कॅन-कॅन', म्हणजे परकर उडवत पाय उंच फेकायच्या पॅरिसच्या नाचावरचा संगीतपट, नृत्यं बसवणारे हर्मीस पॅन, म्हणजे नर्तक-नट फ्रेड अस्टेअरचे उजवे हात. पडद्यावर फ्रँक सिनात्रा, शर्ली मॅक्लेन, मोरिस शेवालिए. ज्युलिएटला क्लोदीन नावाच्या नाचणारणीची भूमिका.

आणि चित्रपट पडद्यावर यायच्या आधीच ती जगभरच्या वर्तमानपत्रांत झळकली, तीही एका रशियन पाहुण्यामुळे. १९ सप्टेंबर १९५९. सोव्हिएत पंतप्रधान निकिता क्रुश्चेव अमेरिकेच्या दौऱ्यावर होते. लॉस एंजेलिसमध्ये त्यांना डिस्नेलँड बघायचं होतं, पण सुरक्षेचं कारण देऊन ते नाकारण्यात आलं आणि भर जेवणाच्या मेजवानीत ते त्यावरून तडकले. त्या मेजवानीला मेरिलीन मन्रोसकट अर्धं हॉलिवूड नटूनथटून बसलं होतं. जेवणानंतर पाहुण्यांना 'कॅन-कॅन'च्या सेटवर नेलं. परकरांचा फेस उडवत, किंचाळत, पाय डोक्यापर्यंत फेकत मुली नाचल्या. पाहुणे हसले, नर्तकींशी हस्तांदोलन केलं, फोटो काढून घेतले. मग त्यांनी ते सगळं अश्लील ठरवलं. माणसाचा चेहरा त्याच्या पार्श्वभागापेक्षा सुंदर असतो, अशा अर्थाचं त्यांचं म्हणणं सगळीकडे छापून आलं. दुसऱ्या दिवशी सॅन फ्रान्सिस्कोत कामगार पुढाऱ्यांसोबत जेवताना तर हे गृहस्थ उठले, पाठ वळवली, वाकले आणि कोटाचा घोळ वर उडवून कॅन-कॅन करून दाखवला. अण्वस्त्रांच्या बटणावर बोट असलेला माणूस जेवणाच्या टेबलाशी वाकून कोट उडवतोय. मला विचाराल तर त्या दौऱ्यातला सर्वांत खरा नाच तोच. निषेध करायला का होईना, अंगाने त्याची नोंद घेतली होती.

मात्र या किश्शात एक गोष्ट नेहमी राहून जाते. त्या मुली काय करत होत्या? कॅन-कॅन दिसतो तसा हलकाफुलका नाच नाही. एरवी नर्तकी तोल सांभाळते तो हातांनी, आणि इथे दोन्ही हात परकरांच्या घेरात अडकलेले. कापड थरावर थर, घामाने आणखी जड होत जाणारं, आणि ते सतत घुसळत ठेवायचं. त्यात एक पाय कानाशी नेऊन हाताने धरायचा, दुसऱ्यावर गोल फिरायचं, कोलांट्या घ्यायच्या, आणि शेवटी उडी मारून दोन्ही पाय फाकवून थेट जमिनीवर आदळायचं. त्या किंकाळ्यासुद्धा नुसती मस्ती नसावी. पोटातून ओरडलं की अडकलेला श्वास सुटतो, हे ज्यांनी कधी दमेपर्यंत फुगडी घातली आहे त्यांना पटेल. सेटवर हे एकदा करून भागत नाही. कॅमेरा, दिवे, कुणाची तरी चूक, पुन्हा पहिल्यापासून. आणि त्या दिवशी तर पाहुण्यांसाठी म्हणून आणखी एकदा.

मी 'कॅन-कॅन' पूर्ण पाहिला आहे आणि चित्रपट म्हणून तो मला बेताचा वाटतो. सिनात्रा एकोणिसाव्या शतकातल्या पॅरिसमध्ये नुकताच लास व्हेगासहून विमानाने उतरल्यासारखा वावरतो. कोल पोर्टरची गाणी आहेत, पण ती मधूनमधून गोठतात. सगळं जागं होतं ते ईडनच्या बागेच्या बॅलेत. मॅक्लेन इव्ह झाली आहे आणि ज्युलिएट साप. टॉड-एओ पद्धतीच्या त्या अवाढव्य रुंद पडद्याला सामान्यतः माणूस पुरत नाही, कडा रिकाम्या वाटतात. सापाला मात्र तो पुरतो. एवढे लांब हातपाय, आणि त्यांतली हालचाल सांध्यात कुठे अडत नाही. खांद्यातून निघालेली लाट मनगटाशी येते, तिथे संपेल असं वाटतं आणि ती गुडघ्यातून पुन्हा उगवते. लंडनमध्ये जी उंची रांगेत मावत नव्हती ती इथे पडदाभर पसरली आहे. शेजारी मॅक्लेन गोड दिसते, मेहनतीने नाचते. पण माझी नजर सापावरून हलत नाही. बायबलमध्येही असंच काहीतरी झालं होतं म्हणा.

आता यातली गंमत बघा. न्यू यॉर्कच्या ब्रॉडवेवर १९५३ साली हेच नाटक झालं तेव्हा क्लोदीन होती ग्वेन व्हर्डन, आणि बागेच्या बॅलेतली इव्हही तीच नाचली होती. पहिल्याच रात्री प्रेक्षकांनी तिच्या नावाचा असा गजर केला की कपडे बदलायला गेलेल्या व्हर्डनला टॉवेल गुंडाळलेल्या अवस्थेत रंगमंचावर आणावं लागलं. सात वर्षांनी चित्रपट निघाला. क्लोदीन ज्युलिएटला मिळाली, पण इव्ह मॅक्लेनकडे गेली, कारण तिकीट मॅक्लेनच्या नावावर खपत होतं. नाचणारीला साप. हे पुढेही होणार होतं, याच दोघीतिघींमध्ये. ते सांगते, पण त्याआधी ज्युलिएट हॉलिवूडमध्ये आली कधी हे सांगायला हवं.

ती उशिरा आली.

१९६० साली तिचा पहिला मोठा चित्रपट आला तेव्हा संगीतपटांचं घर आतून पोखरलेलं होतं. ज्या स्टुडिओंनी वीस-वीस वर्षं नर्तक, वादक, शिंपी, नृत्यदिग्दर्शक पगारावर पोसले त्यांनी करार गुंडाळायला सुरुवात केली होती. थिएटरांची मालकी न्यायालयाच्या निर्णयाने सुटली होती आणि प्रेक्षक घरी टीव्हीसमोर बसले होते. आपल्याकडे धोबीतलावचं मेट्रो थिएटर एमजीएम या हॉलिवूडच्या स्टुडिओने १९३८ मध्ये स्वतः बांधलं, गालिचे-बिलिचे घालून, ते याच भरभराटीच्या जोरावर. माझे मामा तिथल्या वातानुकूलित हवेचं वर्णन नटीच्या वर्णनाइतकं रंगून करायचे. जीन केली आणि सिड चॅरिस त्या भरात नाचले. त्यांच्या मागे ऑर्केस्ट्रा होता, महिनोन्महिने चालणाऱ्या तालमी होत्या, आणि एका नाचासाठी अख्खा रस्ता बांधून देणारे सुतार होते. ज्युलिएटचं शरीर त्याच कामासाठी तयार झालेलं होतं. ती पोचली तेव्हा सुतार सामान आवरत होते.

मग तिला जे मिळालं ते घेतलं. त्याच वर्षी लष्करातून परतलेल्या एल्विस प्रेस्लीचा 'जी. आय. ब्लूज' आला. त्यात ती क्लबमधली नर्तकी, आणि नाचायला थोडी जागाही मिळाली. पुढच्या वर्षी तीन चित्रपट आले. त्यांतला एक दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर लोकांच्या स्थलांतरावरचा होता, म्हणजे तिच्या बालपणीच्या मुलखाची कथा हॉलिवूडने सांगितलेली. १९६२च्या सुरुवातीला सिनात्राशी साखरपुडा झाला आणि काही आठवड्यांतच मोडला. तिला काम सोडायचं नव्हतं, हे तेव्हापासून सांगितलं जाणारं कारण. आज तिचं नाव शोधलं तर ही दोन पुरुषांची नावं आणि तिसरा क्रुश्चेव एवढंच आधी हाताला लागतं. बाई कुणाच्या शेजारी उभी होती यावरून तिची जागा ठरवायची आपली खोड काही केल्या जात नाही.

१९६५ मध्ये एनबीसी या टीव्ही वाहिनीने तिला स्वतःची मालिका दिली, 'मोना मॅक्क्लस्की'. निर्माता जॉर्ज बर्न्स. कथा अशी : मोना ही हॉलिवूडची नटी, नवरा हवाई दलात सार्जंट, आणि नवऱ्याचा आग्रह की घर त्याच्याच पगारात चालायचं. त्यामुळे बाई स्वतःची बक्कळ कमाई दडवत, नवऱ्याचा मान राखत काटकसर करणार, आणि त्यातून विनोद. सव्वीस भागांनंतर ती बंद झाली. मला ती बंद पडल्याचं वाईट वाटत नाही. वाईट याचं वाटतं, की खऱ्या आयुष्यात कामापायी साखरपुडा मोडलेल्या बाईला तीन-चार वर्षांत हेच सोंग वठवावं लागलं. त्याच साली तिने 'हू किल्ड टेडी बेअर' नावाचा एक काळोखा, अस्वस्थ करणारा कृष्णधवल चित्रपट केला, न्यू यॉर्कच्या डिस्कोथेकमध्ये काम करणाऱ्या आणि फोनवरून छळल्या जाणाऱ्या बाईचा. तिला अभिनय जमत होता हे त्यात दिसतं. कुणी फारसं बघितलं नाही.

आणि मग 'स्वीट चॅरिटी'. पैसे घेऊन कुणाही बरोबर नाचणाऱ्या, पुन्हा पुन्हा फसणाऱ्या एका भाबड्या मुलीची ही गोष्ट. नृत्यदिग्दर्शक बॉब फॉसीने १९६६ साली ब्रॉडवेवर आणली ती पत्नीसाठी, आणि पत्नी म्हणजे पुन्हा ग्वेन व्हर्डनच. ज्युलिएटने ती भूमिका लास व्हेगासमध्ये नव्यानेच उघडलेल्या सीझर्स पॅलेसमध्ये केली आणि १९६७ मध्ये लंडनमध्ये, प्रिन्स ऑफ वेल्स थिएटरात. ज्या शहरात बॅलेला ती जास्त उंच ठरली होती तिथेच नाटकाच्या फलकावर तिचं नाव सर्वांत वर. फॉसीची शैली तिला शोभणारी होती. आत वळलेले गुडघे, एकच खांदा, हॅटच्या कडेवर दोन बोटं. छोट्या, कुजक्या, नेमक्या हालचाली. उंच शरीराने स्वतःला एवढंसं करणं यात एक वेगळाच विनोद असतो. १९६९ साली त्याचा चित्रपट झाला. चॅरिटी कोण? शर्ली मॅक्लेन. व्हर्डन स्वतः मॅक्लेनला नाच शिकवायला सेटवर होती. मॅक्लेनवर माझा राग नाही, ती उत्तम नटी आहे. पण या तिघींची वंशावळ मांडली की लक्षात येतं, भूमिका जन्माला घालणारी एक, रोज रात्री ती अंगावर वागवणारी दुसरी, आणि कायमची टिकणारी फिल्म तिसरीची. रंगमंचावरचा नाच संध्याकाळी होतो आणि रात्री संपतो. लंडनची ती चॅरिटी ज्यांनी पाहिली ती माणसं आता ऐंशीच्या घरात असतील.

राहिला टीव्ही. टीव्हीबद्दल नर्तकांच्या मनात कायम किंतु असणार असं मला वाटतं. पडदा वीतभर. डोक्यापासून पावलापर्यंत माणूस दाखवला तर तो बोटाएवढा होतो, आणि जवळून दाखवला तर पाय गायब. अस्टेअर आयुष्यभर भांडला तो याचसाठी, की नाचणारा अख्खा दिसला पाहिजे. ज्युलिएटने विविधरंगी कार्यक्रमांत बरंच काम केलं. आठवडाभराची तालीम, दोन-चार मिनिटांचा नाच, मध्ये जाहिरात. सत्तरच्या दशकात ती पायमोज्यांच्या जाहिरातीतही होती. हसू नका, ते पाय होतेच तसे, आणि घरभाडं ब्रॉडवेच्या आठवणींवर चालत नाही. पण १९७६ साली इंग्लंडमध्ये बाहुल्यांच्या 'मपेट शो'चा सर्वांत पहिला भाग चित्रित झाला तेव्हा पाहुणी म्हणून बोलावली ती हिलाच. कापडी हरणांमध्ये ती स्कॉट जॉप्लिनच्या एका संथ धूनवर नाचते. तिथे तिच्यापेक्षा उंच असण्याचा, नसण्याचा प्रश्नच नाही, बरोबरीचे नर्तक स्पंजाचे आहेत. चाळिशीला टेकलेली बाई, चेहऱ्यावर जराही ताण नाही, आणि त्या हरणांकडे ती असं बघते जसं एका नर्तकाने दुसऱ्याकडे बघावं. हे सोपं नाही. बाहुल्यांबरोबर काम करताना भले भले नट बाहुलीच्या डोक्यावरून पलीकडे बघतात.

पुढे १९८७ मध्ये सर्कशीच्या एका टीव्ही कार्यक्रमाच्या तालमीत बिबट्याने तिच्यावर हल्ला केला, टाके पडले. काही महिन्यांनी त्याच कार्यक्रमाच्या प्रसिद्धीसाठी 'टुनाइट शो'च्या तालमीत ती पुन्हा गेली आणि बिबट्याने पुन्हा चावा घेतला, या वेळी कान. तोच बिबट्या. हा किस्सा वाचून मी हसले आणि मग हसायचं थांबले, कारण पन्नाशीतली नर्तकी बिबट्याशेजारी उभी राहते ती हौसेने नाही, तर त्या दिवशी काम तेच असतं म्हणून. नंतर अमेरिकेच्या सार्वजनिक वाहिनीवर बॉलरूम नृत्याच्या स्पर्धांचं निवेदन तिने बरीच वर्षं केलं. इतरांच्या नाचाबद्दल ती मोजकं आणि आपुलकीने बोलायची. १४ सप्टेंबर १९९६ रोजी स्वादुपिंडाच्या कर्करोगाने ती गेली, साठाव्या वाढदिवसाला अकरा दिवस असताना.

तर कुणाला बघायचंच असेल तर 'कॅन-कॅन'ची पहिली रीळं खुशाल पुढे ढकला, काही बिघडत नाही. बागेचा बॅले आला की थांबा, आणि शक्य असेल तेवढ्या मोठ्या पडद्यावर बघा, फोनवर मुळीच नको. मग 'मपेट शो'चा तो भाग. 'टेडी बेअर' रात्री एकट्याने बघू नका. 'जी. आय. ब्लूज'मध्ये एल्विस गात असताना चहा टाकायला उठलात तरी चालेल, पण ती क्लबच्या मंचावर आली की लगेच परत या, चहा उतू गेला तरी.